लालीचं शिळं पाणी

अझीम चाचांच्या दुकानावर पाटी होती, "मशीन ठेवून जा. स्वतः थांबू नये." कसबा पेठेत, दोन माणसं समोरासमोर आली की एकाने कुणाच्या तरी पायरीवर चढायचं अशा गल्लीत, चाचा चाळीस वर्षं शिलाई मशीन दुरुस्त करत बसले. एकदा एका काकूंनी मशीन ठेवता ठेवता विचारलं की कधीपर्यंत होईल, तर चाचा मान वर न करता म्हणाले, "तुम्ही बिघडवायला किती दिवस घेतलेत?" काकू हसल्या. चाचा नाही हसले. पण मशीन दुसऱ्या दिवशी तयार होतं.

ती पाटी गेल्या महिन्यात उतरवली. चाचा सोलापूरला गेले, मुलीकडे, माहेनूरताईंकडे, कायमचे. चार वर्षं त्या बोलावत होत्या आणि चार वर्षं चाचांचं एकच उत्तर असायचं, "लालीला कोण बघणार?" आता लाली नाहीये. ती माझ्यामुळे नाहीये.

लाली म्हणजे एक रोप. पाण्यावर तरंगणारं. ऐकायला एवढंच वाटतं, मलाही आधी तेवढंच वाटलं होतं.

आमचं घर धायरीत. चारी बाजूंनी सोसायट्या उभ्या राहिल्या तरी आमच्या गोठ्यात अजून दोन म्हशी आहेत आणि त्यांच्यासाठी आई अझोला लावते. ताडपत्रीच्या खड्ड्यात पाणी भरायचं, त्यावर हे बारीक पानांचं हिरवं हिरवं पसरतं, म्हशी आवडीने खातात. मी अकरावीत असताना एका रविवारी दारात अ‍ॅक्टिव्हा थांबली आणि पांढऱ्या दाढीचा एक माणूस लोणच्याची रिकामी बरणी घेऊन उतरला. आईला म्हणाला, ताई, म्हशींच्या ताटातलं मूठभर मिळेल का? आई म्हणाली, खायला हवंय का काय? तर म्हणाला, "मला नको. माझ्या माशांना सावली पाहिजे."

आईने बरणी गच्च भरून दिली आणि वर चहा पाजला. तेव्हापासून ते येत राहिले. आईला ते ताई म्हणायचे, आई त्यांना अझीमभाऊ. मी चाचा म्हणायला लागले, कारण काका म्हटलं तर ते म्हणाले, काका तुमच्या पेठेत खूप आहेत, मला वेगळं काहीतरी म्हण. माझी पेठ कुठली, मी धायरीची, पण चाचांना सिंहगड रोडच्या पलीकडचं सगळं एकच वाटायचं.

हळूहळू कळलं की हा नाद मुळात त्यांचा नाहीच, त्यांच्या बायकोचा. नसीमचाची. घरी फॉल-पिको करायच्या. माहेनूरताई लग्न होऊन गेल्या तेव्हा घर सुनं वाटू नये म्हणून काचेची माशांची पेटी देऊन गेल्या. चाचींना माशांचं फार काही वाटलं नाही, मासे आपले येतात जातात, त्यांना आवडली पाण्यावर तरंगणारी पानं. मग दोघं दर रविवारी गाडीवरून शोधत फिरायचे. नर्सरीतल्या कमळाच्या टाक्या, कुणाच्या शेतातली विहीर, खाणीत साठलेलं पाणी. गोंडाळ आणली, ती पाण्यावर बसलेल्या इवल्याशा कोबीसारखी दिसते. नुसत्या हिरव्या धाग्यांच्या गुंत्यासारखं एक आणलं, त्यात माशांची पिल्लं लपायची. जलपर्णी मात्र चाचींनी कधी घरात घेतली नाही. म्हणायच्या म्हणे, ती भाडेकरू म्हणून येते आणि आपल्यालाच बाहेर काढते.

लाली त्यांना कुठल्या विहिरीत सापडली नाही. मासेवाल्याच्या दुकानात, फेकायला काढलेल्या कचऱ्याच्या ट्रेमध्ये, दोन पानं आणि एक लाल मूळ. केसाएवढं. चाचींनी विचारलं हे काय, दुकानदार म्हणाला घेऊन जा, जगत नाही ते. त्याचं नाव रेड रूट फ्लोटर, हे मी चाचांना नंतर सांगितलं, मी बॉटनी घेतलंय ना. तोपर्यंत घरात ती लालीच होती.

दोन पानांची टोपलीभर व्हायला दोन वर्षं लागली. तिचे नखरे चाचा सांगायला लागले की मशीनचा स्क्रू हातातच राहायचा. वरून पाणी पडलेलं चालत नाही. लाटा चालत नाहीत, म्हणून पेटीत प्लॅस्टिकच्या नळीचं कडं तरंगत ठेवलेलं आणि ती त्याच्या आत. ऊन लागतं भरपूर. खायला जास्त मिळालं की हिरवीगार होते आणि जरा उपाशी ठेवलं, कडक उजेड दिला की लाल होते, पानं, मुळं, सगळी. म्हणजे लाल झाली की ती सगळ्यात छान. चाचा म्हणायचे, "नसीम पण रागावली की अशीच सुंदर दिसायची, म्हणून मी रोज थोडं चिडवायचो."

आणि पाणी शिळं लागतं. नळाचं ताजं पाणी औषधाच्या वासाचं असतं, ते दोन दिवस उघडं ठेवायचं, शिळं करायचं, मग हळूच बाजूने द्यायचं. आता कसब्यात काय किंवा धायरीत काय, नळ आला की कालचं शिळं पाणी ओतून ताजं भरायचं हीच बायकांची सवय. जिन्यातल्या शेजारणीने एकदा चाचींची बादली चांगुलपणाने ओतून दिली होती. मग चाचींनी ऑइल पेंटने बादलीवर लिहिलं, "शिळं पाणी. टाकू नये." कसब्यातलीच बाई ती.

चाची कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेल्या. एप्रिलमध्ये. चाचा त्याबद्दल कधी बोलायचे नाहीत, मी पण विचारलं नाही. फक्त लालीबद्दल बोलायचे, आणि मला कळायचं की कुणाबद्दल बोलतायत.

या वर्षी मार्चमध्ये चाचांना जिना चढताना धाप लागायला लागली. बायपास सांगितलं. माहेनूरताई आल्या, म्हणाल्या, ऑपरेशन झालं की थेट सोलापूरला चला. चाचा म्हणाले, बघू, लाली आहे. त्यात बिल्डिंगच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग काढलेलं, तिथे उन्हात ठेवलेला लालीचा दुसरा टब उचलावाच लागणार होता. म्हणून पेटीतली आणि टबातली अशी सगळी लाली एका टबात घालून, मासेही त्यातच सोडून, चाचा स्वतः टेम्पोत बसून धायरीला आले. दुकानाच्या खिडकीत एका काचेच्या ग्लासात चार पानं तेवढी ठेवली होती. ती नंतर उन्हाने वाळून गेली. चाचा फोनवर म्हणाले होते, गेली तर गेली, मुख्य तुझ्याकडे आहे.

टब आमच्या अंगणात शेवग्याखाली ठेवला. तेव्हा ती अशी लाल होती की आई पण बघत राहिली, मला वाटलं कौतुकाने. मी फोटो काढले, नऊ फोटो, एका मागोमाग एक. चाचा बादली पण घेऊन आले होते, ती लिहिलेली. मी म्हटलं, "असू द्या चाचा, आमच्याकडे बादल्या ढीगभर आहेत. येईल लक्षात." त्यांनी बादली परत टेम्पोत ठेवली. मी ठेवायला लावली. हे मी किती वेळा आठवते.

परीक्षेचे दिवस होते, म्हणून मी सदाशिव पेठेत मैत्रिणींच्या रूमवर राहत होते, धायरीहून रोज यायचं म्हणजे दोन तास रस्त्यात. लालीला पाणी आईने द्यायचं ठरलं होतं. गोठ्याजवळ मी बादली भरून ठेवली होती, तिला मी आणि चाचा लालीचं शिळं पाणी म्हणायचो. मंगळवारी प्रॅक्टिकलला आत जाताना, एका हातात जर्नल, आठवलं की आज पाणी द्यायचा दिवस. पळत पळत टाइप केलं, "आई लालीचं शिळं पाणी टाक आज नक्की". पाठवलं. फोन बॅगेत टाकला, बॅग बाहेर.

मला म्हणायचं होतं, बादलीतलं पाणी टबात टाक.

आईने वाचलं, टबातलं पाणी टाक. ओतून दे.

भाजीत मीठ टाकतात तेही टाक, कचरा टाकतात तेही टाक. मी दर मेसेजमध्ये तोच शब्द वापरते. एक "टबात" लिहिलं असतं तर. दोन सेकंद.

आणि आईची चूक म्हणावी तर तीही नाही हो. अझोल्याचं जुनं पाणी काढून टाकावंच लागतं. आणि अझोला खराब व्हायला लागला की लाल पडतो. आईने वीस वेळा पाहिलंय ते, लाल पडला की सगळा काढायचा, खड्डा घासायचा, नवीन लावायचं. तिने लालीकडे बघितलं, लालभडक. वर माझा मेसेज, नक्की टाक. तिने मला दोन फोन पण केले. फोन बॅगेत, आणि नंतर मी उलट फोन केला नाही.

शनिवारी मी घरी गेले. टब चकचकीत घासलेला, काठोकाठ ताजं पाणी, तळ दिसत होता. मी म्हटलं, लाली कुठाय? आई कणीक मळत होती. म्हणाली, "अगं लाल पडलेलं सगळं. मासे काढून ठेवलेत मी घागरीत, जिवंत हायेत. ते लाल म्हशीला टाकलं."

टाकलं.

मी गोठ्यात गेले. गव्हाण बघितली, शेणाचा उकिरडा बघितला, टब जिथे ओतला तिथली माती हाताने चाळली. शेवग्याच्या बुंध्याला एक मूळ चिकटलेलं सापडलं, त्याला अर्धं पान. वाटीत ठेवलं, शिळ्या पाण्यात. तीन दिवसांत ते काळं पडून विरघळलं. आई मागे उभी होती. तिला काहीतरी झालंय एवढं कळत होतं, काय ते मी नीट सांगितलंच नाही, रागात नुसतं ओरडले आणि मग रडले. ती म्हणाली, दुसरं आणू की गं.

चाचांचं ऑपरेशन त्याच बुधवारी झालं होतं. रविवारी माहेनूरताईंच्या फोनवरून त्यांचा पहिला फोन आला, आवाज अगदी बारीक. म्हणाले, बोलवत नाहीये जास्त, फोटो पाठव. आणि मी पाठवला. त्या नऊमधला एक. विचार वगैरे काही केला नाही, बोट आपोआप गेलं. त्यांनी उत्तरात फुलाचं चिन्ह पाठवलं. मग सोमवारी दुसरा पाठवला. मग तिसरा. ताई म्हणाल्या, नर्सला, शेजारच्या पेशंटला, सगळ्यांना दाखवतात. मी रोज ठरवायचे, उद्या सांगते. नऊ फोटो संपले तेव्हा मी पहिला फोटो फिरवला, डावीकडचं उजवीकडे केलं आणि तो पाठवला.

एकीकडे ऑनलाइन शोधत होते. पुण्यातल्या सात-आठ दुकानांत जाऊन आले, एकाकडे होती पण सडलेली. केरळातल्या एका माणसाला ऑर्डर दिली, तो म्हणाला उन्हाळ्यात कुरियरने जगणार नाही, जून उजाडू दे.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, न सांगता, चाचा धायरीला आले. रिक्षातून उतरले तेव्हा शर्ट अंगावर लोंबत होता. हातात तीच लोणच्याची बरणी, धुऊन आणलेली. म्हणाले, टब नंतर नेईन, आज थोडी घेऊन जातो. मी आतून बाहेर येईपर्यंत आई अंगणात पोचली होती. मी तिला सांगितलंच नव्हतं ना की मी काय करतेय. ती आपली पदराला हात पुसत म्हणाली, "भाऊ, तुमचं ते लाल पडलं होतं, मी म्हशीला टाकलं. हिनंच कळवलं होतं. मासे ठेवलेत बघा जपून."

चाचा टबाकडे बघत होते. टबात पाण्यावर शेवग्याची फुलं पडलेली. मला वाटलं आता ते खाली बसतील. आईच्या चेहऱ्यावर एकदम काहीतरी आलं, तिने माझ्याकडे पाहिलं, आणि तिला कळलं. चाचांनी ते पाहिलं. पटकन म्हणाले, "बरोबर केलंत ताई. लाल पडलेलं ठेवू नये. चहा आहे का?"

चहा प्यायले. बशीत ओतून, सावकाश. म्हशी दूध किती देतात विचारलं. आई आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

मी त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेले. वाटेत थांबत थांबत चालत होते. मी म्हटलं, चाचा, मी खोटे फोटो पाठवले. म्हणाले, माहीत आहे.

"चौथ्या दिवशीच कळलं. त्या मधल्या पानावर पाण्याचा एक थेंब होता, डाव्या कडेला. चारही फोटोंत तिथेच. थेंब चार दिवस बसतो का बेटा?" मग म्हणाले, "आणि शेवटी तर तू लालीला आरशातच बघायला लावलंस."

मला हसू पण आलं आणि मी रस्त्यात हमसून रडायला लागले. मी विचारलं, मग बोलला का नाहीत. ते म्हणाले, बोललो असतो तर फोटो बंद झाले असते.

रिक्षावाला मीटर पाडून बसला होता. चाचा आत बसले, बरणी मांडीवर. मग चाचींबद्दल पहिल्यांदा बोलले. दुसऱ्या लाटेत चाची हॉस्पिटलात होत्या, भेटायला सोडत नव्हते. चाचा ऑक्सिजनसाठी, इंजेक्शनसाठी फिरत होते, घरी पेटीकडे बघायला कोण, लाली मऊ पडत गेली, तीन पानं राहिली. चाची फोनवर लालीचे फोटो मागायच्या. चाचांनी जुने पाठवले. रोज एक.

मोबाइल काढून त्यांनी मला दाखवलं. चाचींचा शेवटचा मेसेज. "लाली अच्छी है। आपने खाना खाया?"

"आधी रोज विचारायची, नवीन पान आलं का, फूल आलं का. शेवटचे दोन दिवस लालीचं काहीच विचारलं नाही. मला वाटायचं, दमली असेल." चाचा स्क्रीनकडेच बघत होते. "तुझा चौथा फोटो आला ना, तेव्हा कळलं. तिलाही दिसला असणार थेंब."

रिक्षा गेली.

त्यानंतर तीन आठवड्यांत त्यांनी दुकान आवरलं. हत्यारं एकाला दिली, पेटी एकाला दिली. मी निरोपाला गेले तेव्हा माहेनूरताई पिशव्या बांधत होत्या, माझ्याशी चांगलं बोलल्या, त्यांना बाबा येतायत याचा आनंदच होता. चाचांनी मला ती बादली दिली. ऑइल पेंट थोडा उडालाय, "टाकू" मधला काना अर्धाच राहिलाय. मी वाकून नमस्कार केला तर म्हणाले, राहू दे, बादली सांभाळ. मी म्हटलं, केरळहून रोपं येणार आहेत, तुम्हाला सोलापूरला घेऊन येते. ते म्हणाले, नको, तूच लाव. "ऊन दे. वरून भिजवू नकोस. शिळं पाणी घाल." आणि माझ्याकडे बघून, अगदी सावकाश, पाटीवरचं वाचून दाखवावं तसं परत म्हणाले, "घाल."

रोपं आली. बावीस पाठवली होती, बहुतेक डब्यातच काळी पडलेली. चार जगली. त्याच टबात आहेत, शेवग्याखाली, नळीच्या कड्यात. आई रोज दोनदा बघून जाते, हात लावत नाही. अजून हिरवीच आहेत, लाल व्हायला वेळ लागेल. त्यांना मी काही नाव ठेवलेलं नाही.

मी चाचांना रोज फोटो पाठवते. रोजचा रोज काढून, पाणी बिलकुल न शिंपडता. ब्लू टिक येते. पंधरा दिवस नुसती ब्लू टिकच येत होती.

काल पहिल्यांदा उत्तर आलं.

"जेवलीस का?"